चाळिशीतली वर्गप्रतिनिधी: रात्रीच्या महाविद्यालयातल्या निवडणुका आणि समित्या

मी पुण्यात ज्या महाविद्यालयात संध्याकाळी शिकवते, तिथे पहिला तास साडेसहाला सुरू होतो, शेवटचा साडेनऊला संपतो, आणि ग्रंथालय बरीच वर्षं साडेसातला बंद व्हायचं. मधली सुट्टी आठ वाजता. म्हणजे तास बुडवल्याशिवाय पुस्तक हातात पडायचं नाही. माहितीपुस्तिकेत मात्र ‘सायंकाळच्या विद्यार्थ्यांसाठी ग्रंथालय एक तास खुले’ असं छापलेलं होतं, आणि त्यातला एक शब्दही खोटा नव्हता.

इतकी वर्षं याबद्दल कुणी तोंड कसं उघडलं नाही, हा प्रश्न मला फार उशिरा पडला. त्याचं उत्तर शोधताना वर्गप्रतिनिधी, निवडून आलेली समिती, ठराव, इतिवृत्त (म्हणजे बैठकीची लेखी नोंद) या गोष्टींचा खरा उपयोग कळला. ते सगळं सोप्या शब्दांत इथे मांडते आहे. रात्रीच्या महाविद्यालयात शिकणाऱ्यांना आणि शिकवणाऱ्यांना दोघांनाही ते लागणार आहे.

आधी आमच्या वर्गात कोण बसतं ते सांगते. भोसरी-चाकणकडे पाळीत काम करणारे कामगार, दवाखान्यातल्या आया आणि वॉर्डबॉय, सोसायटीतले वॉचमन, रिक्षा चालवणारे, पोळ्यांची कामं करणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या. कुणाची बारावी पंधरा वर्षांपूर्वी झालेली, कुणी रात्रशाळेतून दहावी करून इथवर आलेलं. सकाळच्या मुलांना काही खटकलं तर ती दहा मिनिटांत प्राचार्यांच्या दारात उभी राहतात. आमची माणसं तसं करत नाहीत. या वयात आपल्याला कुणी शिकवतंय हेच खूप, असं त्यांच्या मनात असतं. शिवाय दिवसभर साहेबाचं, मालकाचं, घरातल्यांचं ऐकून आलेल्या माणसाला संध्याकाळी आणखी एका साहेबाशी वाद घालायची ताकद नसते. फारच अडलं तर तो यायचं बंद करतो. हजेरीपटावर पंधरा दिवस गैरहजेरीच्या खुणा पडतात, मग नावावर रेघ येते. कारण कुठेच लिहिलेलं नसतं. प्रौढ विद्यार्थी भांडत नाही, तो गळतो. म्हणून त्याच्या वतीने बोलणारं माणूस इथे सकाळच्या महाविद्यालयापेक्षा जास्त गरजेचं आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

प्रतिनिधी म्हणजे मॉनिटर नव्हे

शाळेपासून आपल्या डोक्यात मॉनिटर बसलेला असतो. मॉनिटर शिक्षकांचा माणूस. खडू आणायचा, वह्या गोळा करायच्या, बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची. वर्गप्रतिनिधी हा वर्गाचा माणूस. त्याची कामं तीन: वर्गाला काय हवंय ते विचारून घेणं, ते योग्य जागी नेऊन मांडणं, आणि मिळालेलं उत्तर वर्गात परत आणणं. यातलं तिसरं काम सगळ्यात जास्त राहून जातं. नेलं, मांडलं, पण पुढे काय झालं हे वर्गाला कळलंच नाही, की पुढच्या वेळी वर्ग काही सांगत नाही.

आमच्याकडे ही गोष्ट समजावून सांगणं सोपं जातं, कारण वर्गातल्या निम्म्या बायका बचत गटात असतात. गटाच्या अध्यक्षबाई बँकेत जाऊन आल्या की पुढच्या बैठकीत हिशोब सांगतात, कर्जाचं काय झालं ते सांगतात. नाही सांगितलं तर पुढच्या महिन्याचा हप्ता कुणी आनंदाने देत नाही. गणेश मंडळात वाढलेल्या पुरुषांना कार्याध्यक्ष, खजिनदार, वर्गणीचा अहवाल हे शब्द तोंडपाठ असतात. ही माणसं समित्या चालवून आलेली आहेत. फक्त महाविद्यालयात आल्यावर ‘आपण विद्यार्थी’ म्हणून ती हे सगळं दाराबाहेर ठेवून आत येतात.

समितीत बसण्याचेही प्रकार असतात, ते नीट ओळखायला हवेत. कुणी निवडून येतो, म्हणजे ज्यांच्या वतीने बोलायचं त्यांनीच त्याला मत दिलेलं असतं. कुणी नेमलेला असतो, म्हणजे प्राचार्यांनी किंवा संस्थेने त्याचं नाव ठरवलेलं असतं. तिसरा विशेष निमंत्रित. तो बैठकीला बसतो, बोलू शकतो, पण निर्णयाच्या वेळी सदस्य म्हणून मोजला जात नाही. तिघंही एकाच टेबलाशी बसतात, एकच चहा पितात, आणि बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की विद्यार्थ्यांचं प्रतिनिधित्व झालं. म्हणून कुठल्याही समितीची यादी हातात आली की पहिला प्रश्न हाच विचारावा: यातला विद्यार्थी आला कुठून, आणि त्याला मत आहे का?

कायदा काय म्हणतो

महाराष्ट्रात महाविद्यालयांतल्या खुल्या निवडणुका हाणामाऱ्या आणि हिंसेमुळे नव्वदच्या दशकात बंद झाल्या. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने दुसरी वाट काढली: आदल्या परीक्षेत ज्याला वर्गात सर्वांत जास्त गुण, तो प्रतिनिधी. सकाळच्या महाविद्यालयात याला निदान काही अर्थ लावता येत होता. आमच्या प्रथम वर्षाच्या वर्गाला ही रीत लावली, तर पंधरा वर्षांपूर्वीच्या बारावीच्या गुणपत्रिका समोर ठेवून आजचा प्रतिनिधी ठरवावा लागतो. तेव्हा गणितात चांगले गुण मिळवलेला माणूस आज चाळीस जणांच्या वतीने बोलू शकेल की नाही, हे त्या गुणपत्रिकेत कुठे दिसणार?

मग महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ आला. तो १ मार्च २०१७ पासून लागू झाला. त्याच्या कलम ९९ मध्ये विद्यार्थी परिषद आहे आणि तिथे निवडणूक परत आणली आहे. महाविद्यालयाच्या परिषदेत अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी आणि मागास प्रवर्गांतून आळीपाळीने एक प्रतिनिधी सर्व विद्यार्थ्यांनी निवडायचे, शिवाय प्रत्येक वर्गाने आपला एक प्रतिनिधी निवडायचा. कागदावर हे चांगलं आहे. २०१९ साली निवडणुकांची तयारी झाली, वेळापत्रक आलं, आणि त्या पुढे ढकलल्या गेल्या. मग करोना आला.

परिषद नसली की नुकसान फक्त स्नेहसंमेलनाचं होत नाही, हे इथे समजून घ्यायला हवं. याच कायद्याच्या कलम ९७ मध्ये महाविद्यालय विकास समिती आहे. महाविद्यालयाचं अंदाजपत्रक, नवे अभ्यासक्रम, सोयीसुविधा या सगळ्याचा विचार तिथे होतो. तिची बैठक वर्षातून निदान चार वेळा व्हायला हवी. संस्थेचे अध्यक्ष, प्राचार्य, शिक्षकांचे आणि कर्मचाऱ्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी यांच्याबरोबर विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिवही त्या समितीचे सदस्य असतात. म्हणजे जिथे पैशांचं ठरतं त्या खोलीत विद्यार्थ्यांना दोन खुर्च्या कायद्याने दिलेल्या आहेत. पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? परिषद निवडून आलेली नसेल, तर त्या दोन खुर्च्या एकतर रिकाम्या राहतात किंवा कुणाच्या तरी पसंतीने भरतात.

दोन समित्या अशा आहेत, ज्या विद्यार्थी परिषदेची वाट पाहत नाहीत. त्या प्रत्येक प्रौढ विद्यार्थ्याला माहीत असाव्यात असं मला मनापासून वाटतं.

पहिली, लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीची अंतर्गत तक्रार समिती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांप्रमाणे तिच्या अध्यक्षपदी वरिष्ठ महिला शिक्षक असते आणि निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत. प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर तीन विद्यार्थी सदस्य असतात, आणि ते पारदर्शक, लोकशाही पद्धतीने निवडलेले असावेत असं विनियमातच लिहिलं आहे. प्राचार्यांनी बोट दाखवून ‘तू बस’ म्हणणं यात बसत नाही. कुलगुरू, कुलसचिव, विभागप्रमुख अशा वरच्या प्रशासकीय पदांवरच्या व्यक्ती या समितीवर नसाव्यात, असंही तिथे म्हटलं आहे. आमच्या वर्गातल्या बायकांनी कामाच्या जागी बरंच काही सोसलेलं असतं. इथे तरी आपली म्हणून एक समिती आहे आणि तिच्यातली विद्यार्थी सदस्य आपण निवडायची आहे, हे त्यांना पहिल्या आठवड्यात सांगायला हवं. काही घडल्यावर सांगून उपयोग नाही.

दुसरी, विद्यार्थी तक्रार निवारण समिती. २०२३ च्या विनियमांनुसार तिच्यात पाच शिक्षक सदस्य असतात आणि एक विद्यार्थी विशेष निमंत्रित असतो. तो निवडलेला नसतो. अभ्यास, खेळ किंवा इतर उपक्रमांतल्या कामगिरीवरून नेमलेला असतो. गणपूर्ती, म्हणजे बैठकीला लागणारी किमान हजेरी, धरताना त्याला मोजत नाहीत. मला ही तरतूद अपुरी वाटते. तरीही ही समिती कामाची आहे, कारण तिला मुदत आहे: तक्रार आल्यापासून १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल. समाधान झालं नाही तर पुढच्या १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे, म्हणजे विद्यार्थ्यांची अपिलं ऐकायला नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अपील करता येतं. शिक्षण मध्येच सोडलेल्या माणसाचा मूळ दाखला किंवा गुणपत्रिका अडवून ठेवणं, हीही या विनियमांत तक्रार धरली आहे. नोकरी बदलताना मूळ कागद मिळत नाहीत म्हणून हेलपाटे घालणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना हा रस्ता कुणी दाखवलेला नव्हता.

वयाची अट कुठे आडवी येते

आता मुख्य अडचण. विद्यार्थी निवडणुकांचे नियम करताना सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच विद्यार्थी होता: विशीतला, दिवसभर मोकळा, आईवडिलांच्या पैशांवर शिकणारा.

माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीने २००६ मध्ये अहवाल दिला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या शिफारशी लागू करायला सांगितल्या. त्यातल्या कितीतरी गोष्टी मोलाच्या आहेत. उमेदवाराचा खर्च पाच हजारांच्या आत, छापील पोस्टर नाही, फक्त हाताने केलेलं, राजकीय पक्षाचा पैसा नाही, सगळी निवडणूक दहा दिवसांत उरकायची, निकालानंतर दोन आठवड्यांत हिशोब द्यायचा. गुंडगिरी आणि पैसा बाहेर ठेवायला हे हवंच होतं.

पण त्यातच उमेदवाराचं वय पदवीसाठी १७ ते २२, पदव्युत्तरसाठी २४-२५ पर्यंत, संशोधनासाठी २८ पर्यंत असं धरलं आहे. वर्षानुवर्षं महाविद्यालयात मुक्काम ठोकून राजकारण करणाऱ्यांना रोखण्यासाठी ती अट होती. ती लागली मात्र आमच्या वर्गालाही. प्रथम वर्ष बी.ए.ला बसलेली ३८ वर्षांची बाई मत देऊ शकते, उभी राहू शकत नाही. देशात २५ व्या वर्षी लोकसभेला उभं राहता येतं आणि वरच्या वयाची अट नाही. इथे ती आहे.

दुसरी अट ७५ टक्के हजेरीची. कंपनीत तीन पाळ्या आठवड्याला बदलतात. पहिल्या पाळीचा कामगार संध्याकाळी वर्गात येतो. रात्रपाळीचा कामगार तास संपवून थेट कामावर जातो. पण दुपारच्या पाळीच्या आठवड्यात तो वर्गात असूच शकत नाही. तीनपैकी एक आठवडा गेला, म्हणजे एकही दिवस आजारी न पडता त्याची हजेरी फार तर ६७ टक्के. तो आळशी नाही. ही पाळीच्या कोष्टकातली साधी वजाबाकी आहे.

तिसरी अट पूर्णवेळ विद्यार्थ्याची. बहिःस्थ (म्हणजे घरी अभ्यास करून परीक्षा देणारा) किंवा दूरशिक्षणातून पदवी करणारा यातून सरळ बाहेर. म्हणजे जो सर्वांत एकटा शिकतो, ज्याचा ना वर्ग ना शिक्षकांशी रोजचा संबंध, त्याच्या वतीने बोलायला कुणीच नाही.

प्रौढांचं शिक्षण पुण्याला नवीन आहे म्हणून हे राहिलं, असंही नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली इथेच कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. रमाबाई रानड्यांच्या नेतृत्वाखाली १९०९ साली उभ्या राहिलेल्या पुण्याच्या सेवासदनात मोठ्या वयाच्या बायका पाटी घेऊन बसल्या. पूना नाईट हायस्कूलमधून शिकून गेलेले कामगार आजही पेठांमध्ये भेटतात. शिकवण्याची परंपरा जुनी आहे. शिकणाऱ्याला कारभारात जागा देण्याची सवय लागायची राहिली.

ही सवय नसली की काय होतं, याचं एक उदाहरण मी नेहमी सांगते. ऑक्सफर्डमध्ये १८९९ साली खास कामगारांसाठी रस्किन कॉलेज निघालं. खाणकामगार, रेल्वे कामगार तिथे शिकायला येत. काय शिकवायचं यावरून तणाव वाढत गेला, आणि १९०९ मध्ये प्राचार्य डेनिस हर्ड यांना पद सोडावं लागतंय म्हटल्यावर विद्यार्थ्यांनी तासांवर बहिष्कार टाकला. त्यातून वेगळं सेंट्रल लेबर कॉलेजच उभं राहिलं. ती माणसं आपापल्या कामगार संघटनांत सभा चालवणारी, ठराव मांडणारी होती. त्यांना गप्प बसून फक्त उतरवून घ्या म्हणणं शक्यच नव्हतं.

मग आपल्या हातात काय आहे

कायद्यातली परिषद आपल्याला हवी तशी वाकवता येत नाही. पण महाविद्यालयाने अंतर्गत विद्यार्थी समिती करू नये, असं कुठेही म्हटलेलं नाही. प्राचार्यांच्या एका लेखी आदेशाने ती होते. तिला कायद्याचे अधिकार नसतात, ती सल्ला देणारी समिती असते, हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगावं. पण तिचे ठराव लेखी असतील आणि प्राचार्य ते विकास समितीच्या विषयपत्रिकेवर घेत असतील, तर काम होतं. आमच्याकडे आम्ही हेच केलं. वयाची अट काढली, हजेरीची अट ‘पाळीचं पत्र असल्यास शिथिल’ अशी केली, आणि प्रत्येक वर्गाला एकाऐवजी दोन प्रतिनिधी दिले, त्यातली निदान एक बाई. दोन का? कारण एकाची दुपारची पाळी लागली की दुसरा बैठकीला असतो. सगळे नियम एका पानात बसवले. पान उलटावं लागलं की नियम कुणी वाचत नाही.

मतदान हात वर करून घ्यायचं की चिठ्ठीने, यावर शिक्षकांच्या बैठकीत बराच वेळ गेला. चाळीस माणसांसाठी मतपेटी कशाला, हात वर करा आणि मोकळे व्हा, असं बऱ्याच जणांचं म्हणणं होतं. मलाही सुरुवातीला तेच वाटलं. मग लक्षात आलं की एका वर्गात एका कंपनीचा सुपरवायझर आणि त्याच्याच हाताखालचे दोन कामगार एका बाकापलीकडे बसतात. सुपरवायझर उभा राहिला तर त्या दोघांचे हात कुणासाठी वर जातील हे सांगायला नको. एका सोसायटीत काम करणाऱ्या ताई आणि त्याच सोसायटीतल्या एक मॅडम दोघी आमच्याच विद्यार्थिनी होत्या. प्रौढांच्या वर्गात बाहेरच्या जगाची सगळी उतरंड दप्तरासोबत आत येते. तेव्हा मतदान गुप्तच हवं.

पहिल्या वर्षी आमची मतपेटी म्हणजे पोळ्यांचा स्टीलचा डबा होता, झाकणाला मधोमध फट पाडलेला. एका विद्यार्थिनीने तो घरून आणला होता. फट पाडल्यावर तो पोळ्यांना चालणार नाही हे तिला माहीत होतं. वहीच्या पानाच्या सारख्या आकाराच्या चिठ्ठ्या केल्या, मागे शिक्का मारला. मोजणी वर्गासमोर झाली, एक चिठ्ठी उघडायची, मोठ्याने वाचायची, फळ्यावर रेघ मारायची, पाचवी रेघ आडवी. कोऱ्या चिठ्ठ्यांचाही वेगळा रकाना ठेवला. सव्वानऊ वाजले होते, पीएमपीची बस गाठायची होती, तरी कुणी उठलं नाही.

मोजणीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. तीन उमेदवार असले की सर्वांत जास्त मतं म्हणजे बहुमत असतंच असं नाही. समजा ४२ मतं पडली: १६, १४ आणि १२. पहिला निवडून आला, पण २६ जणांना तो नको होता. यावर उपाय आहे पसंतीक्रम. चिठ्ठीवर पहिली पसंती आणि दुसरी पसंती लिहायची. तिसरा बाद झाला की त्याच्या १२ चिठ्ठ्यांवरची दुसरी पसंती बघायची. त्यातल्या नऊ दुसऱ्याला आणि तीन पहिल्याला गेल्या, तर दुसरा २३, पहिला १९. आता निवडून आलेल्याच्या मागे वर्गाची निम्म्याहून जास्त मतं आहेत. ही काही परकी रीत नाही. पुणे पदवीधर मतदारसंघातून विधान परिषदेचा आमदार अशाच पसंतीच्या मतांनी निवडला जातो.

बैठक आणि इतिवृत्त

निवडणूक एका दिवसाची असते, समिती वर्षाची. ती टिकते की नुसती नावापुरती उरते, हे माझ्या अनुभवात दोनच गोष्टींवर ठरतं: बैठकीची वेळ आणि इतिवृत्त.

वेळ अशी हवी की कामावरून येणाऱ्याला आणि घरी जाऊन स्वयंपाक करणारीला दोघांना जमेल. साडेनऊनंतरची बैठक म्हणजे बायका गैरहजर, हे गृहीत धरा. आम्ही महिन्यातून एकदा मधल्या सुट्टीला जोडून वीस मिनिटं घेतो. पुढचा तास तेवढा उशिरा सुरू होतो, आणि ते वेळापत्रकात लिहिलेलं असतं, म्हणजे कुणा शिक्षकाच्या मेहेरबानीवर अवलंबून राहत नाही. विषयपत्रिका आठवडाभर आधी फलकावर लागते आणि वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर जाते. विषय चारपेक्षा जास्त नाहीत.

इतिवृत्ताचं महत्त्व सांगायला ग्रंथालयाकडे परत यावं लागेल. हा विषय पहिल्याच बैठकीत निघाला. मांडला तो पोळ्यांची कामं करणाऱ्या, चाळिशीतल्या प्रतिनिधीने. ती म्हणाली, “मॅडम, मी दोन वर्षांत एकदाही ग्रंथालय आतून बघितलं नाही. कार्ड आहे माझ्याकडे.” तिने ते कार्ड टेबलावर ठेवलं. एकही शिक्का नसलेलं, कडा अजून धारदार असलेलं कार्ड. खोलीत कुणी काही बोललं नाही.

त्या बैठकीचं इतिवृत्त लिहिलं गेलं ते असं: ‘ग्रंथालयाच्या वेळेबाबत चर्चा झाली. योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.’ दोन महिने काही झालं नाही. कोण करणार, कधी करणार, हे त्या वाक्यात कुठेच नव्हतं. त्यामुळे कुणाचीच चूक नव्हती. तिसऱ्या बैठकीत एका कामगार प्रतिनिधीने, कंपनीच्या युनियनमध्ये कागदपत्रं सांभाळणाऱ्या दादांनी, आम्हाला ठराव लिहायला शिकवलं. ‘ग्रंथालय सोमवार ते शुक्रवार रात्री पावणेदहापर्यंत उघडे ठेवावे. ग्रंथपालांची ड्यूटी दुपारी सुरू करण्याचा आदेश प्राचार्यांनी १५ तारखेपर्यंत काढावा. सूचक अमुक, अनुमोदक तमुक. सर्वानुमते मंजूर.’ काय, कोण, कधीपर्यंत. खाली सही. एक प्रत फलकावर.

चौदा तारखेला आदेश निघाला. ग्रंथपालांशीही आधी बोलणं झालं होतं. त्यांना सकाळची घाई नको होती, त्या खूश होत्या. त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

सगळंच असं सुटत नाही. परीक्षेच्या वेळा विद्यापीठ ठरवतं, त्या आमच्या समितीला हलवता आल्या नाहीत. दुपारच्या पेपरसाठी सुट्टी न मिळालेला एक विद्यार्थी त्या वर्षी परीक्षेला बसू शकला नाही. समितीने पत्र पाठवलं, उत्तर आलं नाही, आणि प्रतिनिधीने वर्गात येऊन तेच सांगितलं: उत्तर आलेलं नाही, दुसरं पत्र पाठवतोय. हेही त्याचं कामच. नकार किंवा गप्प राहणं जसंच्या तसं वर्गापर्यंत पोहोचलं, तर वर्ग समजून घेतो. लपवलं तर पुढच्या वर्षी चिठ्ठीवर नाव लिहायला कुणी उरत नाही.

वर्ष संपताना जुन्या प्रतिनिधींनी नव्यांना एक वही द्यायची, असं आम्ही ठरवलं आहे. कोणता विषय कुठे अडलाय, कोणाकडे अर्ज द्यायचा, कोणत्या टेबलावर कोणत्या वारी माणूस भेटतो. प्रौढ विद्यार्थी तीन वर्षांत पदवी घेऊन निघून जातो, आणि त्याने कमावलेली माहिती त्याच्याबरोबर जाते. त्या वहीत पहिल्या पानावर अजून तो ग्रंथालयाचा ठराव चिकटवलेला आहे.

शेवटच्या पानावर मी दरवर्षी एक गोष्ट स्वतः लिहून देते. विद्यापीठाच्या अधिसभेत, म्हणजे सिनेटमध्ये, नोंदणीकृत पदवीधरांच्या दहा जागा आहेत, आणि त्या पदवीधरांच्या मतांनी भरतात. मतदार व्हायला पदवी घेऊन विद्यापीठाकडे नोंदणी करावी लागते. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघासाठी पदवीला तीन वर्षं झालेली असावी लागतात. दोन्ही ठिकाणी वयाची वरची मर्यादा नाही. आमच्या त्या पहिल्या प्रतिनिधीने पदवी मिळाल्यावर नोंदणीचा अर्ज माझ्यासमोर बसून भरला. ‘शैक्षणिक अर्हता’ या रकान्यात तिने बी.ए. लिहिलं, पेन ठेवलं, मग परत उचललं आणि अक्षर नीट दिसावं म्हणून त्यावरून एकदा गिरवलं.